गच्चीवरचा सूर्य: कुलाब्यापासून अड्यारपर्यंत



मागच्या भागात आपण स्टोव्ह आणि रॉकेलच्या रांगांबद्दल बोललो. तो भाग गच्चीवर बसून केला होता, कारण खाली घरात रंगकाम चालू होतं. तो पाहून माझ्या दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांनी फोन केले. विषयाबद्दल कोणी काही बोललं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, तुमच्या मागे ते लाकडी चौकटीतलं निळं-काळं काय टेकवून ठेवलंय?"

ते सौर पॅनेल आहे. मी स्वतः, या हातांनी बनवलेलं. २०१३ मध्ये बनवलं, दीडेक वर्ष चाललं, आणि आता मेलेलं आहे. टाकून द्यायला मन होत नाही म्हणून तिथे उभं आहे. ते का चाललं आणि का मेलं हे सांगायचं तर अड्यारच्या गच्चीवरून सुरुवात करून उपयोग नाही, आधी मुंबईला कुलाब्याला जावं लागेल. तिथे सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका कोर्टातल्या अधिकाऱ्याने आरशाच्या तुकड्यांनी हाच उद्योग केला होता.

विल्यम ॲडम्स हे त्याचं नाव. मुंबई उच्च न्यायालयात तो डेप्युटी रजिस्ट्रार होता. इंजिनिअर नव्हे, प्राध्यापक नव्हे. दिवसभर दाव्यांच्या कागदपत्रांत बुडालेला माणूस. त्याच्या मनात एक साधा हिशोब घोळत होता: या देशात लाकूड आणि कोळसा महाग, आणि ऊन फुकट. मग उन्हाने पाणी का उकळू नये?

फ्रान्समध्ये तूर शहरातल्या ऑग्युस्तँ मूशो नावाच्या गणिताच्या शिक्षकाने तेव्हा नाव काढलं होतं. शंकूच्या आकाराच्या मोठ्या चकचकीत परावर्तकाने ऊन एका बॉयलरवर गोळा करून तो वाफेचं इंजिन चालवी. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने उन्हावर चक्क बर्फ करून दाखवला. ॲडम्सला मूशोची कल्पना पटली, पण बनावट पटली नाही. चांदीचा मुलामा दिलेला धातूचा पत्रा महाग, आणि मुंबईच्या हवेत तो काळा पडणार. त्याऐवजी साधे, सपाट, बाजारात मिळणारे काचेचे आरसे घ्यावेत, एकेक लहान आरसा बॉयलरकडे वळवून बसवावा, पाहिजे तितके वाढवत न्यावं. एक फुटला तर एकच बदलायचा. सुमारे सतरा इंच बाय साडेदहा इंचाचे ७२ आरसे त्याने बॉयलरभोवती अर्धवर्तुळात लावले आणि त्यावर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात दोन आठवडे हा पंप चालू ठेवून त्याने लोकांना बघायला बोलावलं. आज वाळवंटांत जी सौर मनोऱ्याची वीजकेंद्रं उभी आहेत, मधे उंच मनोरा आणि भोवती हजारो आरसे, त्यांचं मूळ रूप हेच आहे.

पण आपला विषय घर आहे, आणि घराच्या बाबतीत ॲडम्सने त्याहून लहान, मला त्याहून आवडणारी एक वस्तू केली. चूल. लाकडाची, आठ बाजूंची, शंकूसारखी वर पसरलेली चौकट, व्यास २ फूट ४ इंच. आतून साधे आरसे लावलेले. मधोमध तांब्याचं भांडं आणि त्यावर काचेचं आवरण, म्हणजे ऊन आत शिरेल पण उष्णता वाऱ्याबरोबर उडून जाणार नाही. भांड्यातली वाफ कोंडली तर पदार्थ शिजतो, सोडून दिली तर भाजला जातो. अधूनमधून उठून चौकट सूर्याकडे फिरवायची, इतकंच काम.

त्याने या चुलीची जी परीक्षा घेतली ती माझ्यासारख्या फौजी माणसाला वाचल्याक्षणी पटली. जानेवारीत, म्हणजे मुंबईतल्या सगळ्यांत थंड महिन्यात, सात शिपायांचं रॅशन, मांस आणि भाज्या, दोन तासांत शिजून तयार. नेहमीपेक्षा चांगलं शिजलं, असा शिपायांनी निर्वाळा दिल्याचंही त्याने नोंदवलं आहे. हा मजकूर १८७८ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी उष्ण कटिबंधात इंधनाला पर्याय म्हणून सूर्य, या विषयावरचं त्याचं पुस्तक मुंबईतच निघालं.

लंगरात वीसेक वर्षं जेवलेला माणूस म्हणून सांगतो: शिपाई अन्नाची स्तुती सहजासहजी करत नाही, आणि साहेबाने बनवलेल्या यंत्रातल्या अन्नाची तर जरा जास्तच करतो. तेव्हा निर्वाळा अर्धाच धरा. पण परीक्षा खरी होती. ताट समोर ठेवलं, माणसं जेवली.

मग ही चूल कुठे गेली? मुंबईच्या चाळींत का शिरली नाही? ॲडम्सचा प्रयोग फसला म्हणून नव्हे. मूशोचाही फसला नव्हता. फ्रान्समध्ये इंग्लंडचा कोळसा स्वस्त मिळू लागला आणि सरकारने त्याला पैसे देणं थांबवलं. ॲडम्सच्या बाबतीत त्याचं यंत्र उचलून पुढे नेणारं कोणीच उभं राहिलं नाही. शिवाय चाळीतल्या बाईला दीड खोलीत सव्वादोन फुटांचा आरशांचा शंकू ठेवायचा कुठे, आणि सकाळी नऊच्या भोंग्याच्या आत डबा द्यायचा कसा, याचं उत्तर त्या पुस्तकात नाही. तरी एक गोष्ट ॲडम्सने नेमकी ओळखली होती, ती लक्षात ठेवा, कारण माझ्या पॅनेलचा निकाल त्याच गोष्टीवर लागला. घरी बनवायच्या वस्तूत तोच भाग असावा जो घरी मोडला तर घरीच बदलता येईल.

आता एकदम पाऊणशे वर्षं पुढे येऊ. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सौर चूल बनवली. ॲल्युमिनियमचा चकचकीत पॅराबोला आणि मधे भांडं. पन्नाशीच्या दशकात तिचा मोठा गाजावाजा झाला. ती खपली नाही. बाईने उन्हात उभं राहून दर थोड्या वेळाने परावर्तक फिरवायचा, संध्याकाळचा स्वयंपाक करायचाच नाही आणि भाकरी तर त्यावर होतच नाही. मग कोण घेणार?

याच काळात पुण्यात एक माणूस वेगळंच बोलत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण पोटापाण्याचा धंदा गणिताचा. गोव्यात १९०७ मध्ये जन्म. पुण्यात राहायचं आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामाला डेक्कन क्वीनने जायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. ज्या संस्थेतून भारताचा अणुकार्यक्रम उभा राहत होता, तिथेच नोकरी करून कोसंबी जाहीरपणे म्हणत होते की या देशाला अणू नको, सूर्य हवा. १९६० च्या जुलैमध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी यावर भाषण दिलं. मांडणी अशी: अणुवीज म्हणजे प्रचंड भांडवल, एका जागी केंद्र आणि तिथून दूरवर तारा. ऊन मात्र गावोगाव सारखं पडतं, जिथे पडतं तिथेच वापरता येतं. आणि सूर्यशक्तीचा सर्वांत स्वस्त उपयोग म्हणजे झाडं लावणं.

१९६२ मध्ये त्यांची तिथली नोकरी संपली. त्यात या मतांचा वाटा किती आणि बाकीच्या कारणांचा किती, यावर लोक अजून वाद घालतात. मी त्यात पडत नाही. मला त्यांच्या लिखाणातला एक दुसरा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, जो त्यांचे भक्त सहसा सांगत नाहीत. खेडूत माणूस आपल्या एकट्याच्या बळावर, चार पैशांत सूर्याची वीज करील, अशा भ्रमात कोसंबी नव्हते. त्याला उत्तम विज्ञान आणि पहिल्या दर्जाचं तंत्र लागेल, पण त्याचं फळ मात्र एकेका माणसाच्या हाती पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे प्रयोगशाळा एकीकडे, घर दुसरीकडे, आणि मधली रेघ नीट आखा. हे मी गच्चीवर खेळ सुरू करण्याआधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

कोसंबी बोलत होते तेव्हा ते उत्तम तंत्र जन्माला आलेलं होतं, पण परवडत नव्हतं. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सौर सेल जगाला दाखवला. पडलेल्या उन्हापैकी सहा टक्क्यांची वीज. किंमत अशी की पुढची वीस वर्षं तो प्रामुख्याने उपग्रहांवरच शोभला. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये पहिला सेल आणि १९७८ मध्ये पहिलं पॅनेल बनवलं. त्या सुमाराला जगात एका वॉटच्या सेलला ७६ डॉलर पडत. म्हणजे साधा पाच वॉटचा दिवा लावायचा तर ३८० डॉलरचे नुसते सेल, बॅटरी वेगळी.

म्हणून १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचं खातं निघालं तेव्हा घराघरात पोचली ती वीज नव्हे, काळी पेटी. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल: आतून काळे रंगवलेले डबे, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. आमच्या आईकडे साताऱ्याला होती. वरण-भात उत्तम व्हायचा, शेंगदाणे तर अप्रतिम भाजले जायचे. नंतर आरशाचा पारा उडाला, काचेच्या मधे वाफ धरू लागली, रबर सुटलं. आईने तिची पापडांची पेटी केली. आरसा आणि रबर बदलणारा माणूस साताऱ्यात कोणी नव्हता, आणि माझ्या वडिलांना ते स्वतः करावंसं वाटलं नाही.

आता अड्यार.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथे राहिलो. अड्यार म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेला, नदी समुद्राला मिळते तिथला भाग; थिऑसॉफिकल सोसायटीचं मोठं आवार आणि त्यातला जुना वड बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही, पण त्याचं मीठ रोज संध्याकाळी वाऱ्याबरोबर येतं. मच्छरदाणीच्या खिळ्यापासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळं गंजतं.

२०१२ मध्ये तमिळनाडूत विजेचा मोठा तुटवडा होता. चेन्नईत रोज दोन तास भारनियमन, आणि बाकीच्या राज्यात त्याच्या कितीतरी पट. घामाने भिजून बसलेला माणूस फार लवकर शास्त्रज्ञ होतो. मी सिग्नल्समध्ये होतो, सोल्डरिंगची इस्त्री हातात धरायची सवय होती. चौक्यांवर वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करायला जनरेटर चालवायचा आणि त्याचं तेल खेचरांवर लादून आणायचं, हे आयुष्यभर पाहिलेलं. तेव्हा ठरवलं, पॅनेल विकत घ्यायचं नाही. करायचं.

ते कसं करतात ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातच पुढची गोष्ट आहे. सेल म्हणजे सिलिकॉनची पापडासारखी पातळ चकती, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. पापडासारखीच मोडते. सेल लहान असो की मोठा, तो अर्धा व्होल्टच देतो. आकार वाढवला की करंट वाढतो, व्होल्ट नाही. बारा व्होल्टची बॅटरी भरायची तर चौदाच्या वर व्होल्ट हवेत, आणि उन्हात तापल्यावर सेलचे व्होल्ट उतरतात, म्हणून ३६ सेल एकामागे एक जोडतात: अठरा व्होल्ट. एकाच्या पुढच्या बाजूची पट्टी दुसऱ्याच्या मागच्या बाजूला. कलाई केलेली तांब्याची ही पट्टी रिबिनीसारखी असते. मी तीन बाय सहा इंचाचे चाळीस सेल मागवले. त्यातले तीन पाकिटातच फुटलेले निघाले आणि पाच मी फोडले. पुन्हा मागवले. रिची स्ट्रीटवरून पट्टी, फ्लक्स आणि डायोड आणले. खाली प्लायवूड, चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या, वर खिडकीची साधी काच, कडेने सिलिकॉनची पिचकारी. कागदावर ६५ वॉट. भर दुपारी मीटरवर पंचेचाळीस दिसले तेव्हा मी हिला हाक मारून वर बोलावलं. ती म्हणाली, "इतक्या जोरात ओरडलात, मला वाटलं शॉक बसला."

त्यावर चार एलईडी दिवे आणि बारा व्होल्टचा एक पंखा चालू लागला. भारनियमनाचे दोन तास आमच्या घरी उजेड.

पहिली लढाई तांत्रिक नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामी दर उन्हाळ्यात गच्चीवर वडाम घालतात. आपल्या कुरडया-सांडग्यांचेच मावसभाऊ. मागे दोरीवर जुन्या साड्या. एके दिवशी करंट तीनवरून एकदम एकाच्या खाली. बॅटरी तपासली, वायरी तपासल्या, शेवटी वर गेलो तर एका साडीचा पदर पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली धरून होता. ३६ सेल एका साखळीत असले की एकावर पडलेली सावली सगळ्यांना अडवते. मी मामींना जमेल तितक्या नम्रपणे समजावलं. त्या म्हणाल्या, "कर्नल सार, तीस वर्षं मी इथे वाळवण घालतेय. तुमच्या आधीपासून हा सूर्य वापरतेय." यावर फौजेत शिकवलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी पॅनेल हलवलं.

विचार केला तर त्यांचं म्हणणं इतिहासाला धरूनच होतं. घरगुती सौरऊर्जेचा सर्वांत जुना, सर्वांत यशस्वी वापर म्हणजे वाळवण. सगळं काम बायकांचं, सगळं सामान घरचं, आणि तरी सौरऊर्जेच्या इतिहासात त्याला एक ओळ मिळत नाही.

दिशेचंही शिकलो. पॅनेल दक्षिणेकडे, अक्षांशाइतकं कलवा, असा नियम. चेन्नई तेरा अंशांवर. पण एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्याच्या उत्तरेला असतो. पुण्या-मुंबईत हा काळ थोडा कमी, तोही बराचसा पावसाळी ढगांत. इथे मात्र तेच दिवस कडक उन्हाचे. म्हणून कल फार ठेवायचाच नाही, पाणी निथळेल इतकाच.

चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. पहिल्या पावसातच सकाळी काचेच्या आतून दव दिसू लागलं. दुपारी उडून जाई, सकाळी पुन्हा हजर. आमच्या शेजारी तंजावरकडचं एक मराठी कुटुंब आहे, तीनशे वर्षांपूर्वीची मराठी अजून घरात बोलणारं. त्यातले आजोबा रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पॅनेलकडे दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं की आत हवा राहिली आहे, म्हणजे पाणी राहिलं आहे. काचेची कड बंद करून भागत नाही. मी कडेला आणखी सिलिकॉन भरलं. वर्षभरात पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर आला, वॉट पंचेचाळीसवरून तिशीत गेले.

आणि २०१४ च्या मे महिन्यात एका दुपारी जळका वास आला. वर जाऊन पॅनेल उलटं केलं. प्लायवूडवर रुपयाएवढा काळा डाग, मधे अजून धुमसत होतं. एक सोल्डर सुटलं होतं आणि त्या फटीत ठिणगी पडत होती. वायर ओढून काढली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवड्याने आम्ही दोघं मुलीकडे पुण्याला जाणार होतो. खाली मामींच्या घरी दोन लहान नातवंडं सुट्टीला आलेली होती.

कारखान्यात काय वेगळं होतं ते मग नीट वाचलं. सेल आणि पट्टी साधारण तीच. काच कडक केलेली, सुमारे सव्वातीन मिलिमीटरची. पण खरा फरक काच आणि सेल यांच्या मधे आहे. तिथे पोकळी नसतेच. सेलच्या वर आणि खाली पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर घालून, हवा खेचून काढून, दीडशे अंशांच्या आसपास तापवून सगळं एकजीव करतात. आत हवा नाही, म्हणून पाणी नाही, म्हणून गंज नाही. वीस-पंचवीस वर्षांची हमी त्या एका कामाच्या जोरावर देतात. ते यंत्र माझ्या गच्चीवर येणार नव्हतं. कोसंबींची रेघ मला तिथे सापडली, जळक्या प्लायवूडच्या पाठीवर.

घरी पॅनेल करणारे याला सहसा एक उत्तर देतात: पैसा वाचतो. तेही आता खरं राहिलेलं नाही. २०१३ मध्ये कदाचित थोडं वाचलं असतं, जर मी फोडलेले सेल धरले नाहीत तर. त्यानंतर कारखान्याचं पॅनेल इतकं स्वस्त झालं की सुट्या सेलची बेरीज त्याच्यावर जाते. शिवाय २०१६ पासून तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांची पहिली १०० युनिटं मोफत आहेत. माझे पंचेचाळीस वॉट वर्षभर झिजून जेवढी वीज देत, त्याच्या कितीतरी पट सरकार फुकट देतं. मूशोला स्वस्त कोळशाने गाठलं, मला मोफत युनिटांनी. आणि २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा वर असेल तर एकूण ७८,००० अनुदान मिळतं, पण पॅनेल देशात बनलेलं आणि मान्यताप्राप्त हवं. लाकडी चौकटवाल्यांना तिथे दार बंद आहे. डाग पाहिल्यावर मला त्यात काही गैर वाटत नाही.

मग घरी करण्यासारखं काही उरलंच नाही का? उरलं, आणि ज्यांनी ते ओळखलं त्यांनी माझ्यापेक्षा फार मोठं काम केलं. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात फारसं न शिकलेल्या, बऱ्याचशा आजी झालेल्या बायका सौर दिव्यांची सर्किटं जोडतात, गावात बसवतात, बिघडली तर दुरुस्त करतात. सेल त्या बनवत नाहीत. आयआयटी मुंबईच्या चेतनसिंग सोळंकी यांच्या उपक्रमात महाराष्ट्रासह चार-पाच राज्यांत स्थानिक लोकांना शिकवून शाळकरी मुलांसाठी लाखो अभ्यासाचे दिवे जोडून घेतले गेले. त्याच मार्गाने पुढे राजस्थानच्या डुंगरपूरमध्ये आदिवासी बायकांनी पॅनेलचा कारखाना काढला. घरात नव्हे, कारखाना. ते हवा खेचणारं यंत्र त्यांनी गावात आणलं, गाव त्याच्याकडे गेलं नाही.

आणि आमच्या अगदी शेजारी, अड्यारला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. पॅनेल डीसी वीज देतं, बॅटरी डीसी साठवते, एलईडी आणि नवे पंखे डीसीवरच चालतात. मग मधे इन्व्हर्टर घालून आधी एसी आणि पुन्हा डीसी करत वीज का वाया घालवायची? घरात ४८ व्होल्टची वेगळी डीसी तारच टाका. राजस्थानच्या वाळवंटी वस्त्यांत हजारो घरांना अशी वीज दिली गेली. मी माझे दिवे नि पंखा सरळ बॅटरीवर चालवत होतो ते अज्ञानाने, पण नेमकं तेच बरोबर निघालं. माझ्या सगळ्या खटाटोपात टिकलं ते एवढंच.

तेव्हा मी शंभर वॉटचं तयार पॅनेल आणलं आणि बाकी सगळं माझं ठेवलं: लोखंडी स्टँड, तारा, फ्यूज, कंट्रोलर, बॅटरी, खालचे दिवे. फ्यूज प्रत्येक तारेला. डागानंतर मी फ्यूजच्या बाबतीत कंजुषी करत नाही.

१ डिसेंबर २०१५ ची रात्र चेन्नईत कोणी विसरणार नाही. अड्यार नदी फुगली आणि काठावरच्या वस्त्या पाण्यात गेल्या. आमची गल्ली थोडी उंचावर, घरात पाणी आलं नाही, पण वीज गेली ती चार दिवस. लोक समजतात तसं काही सौरऊर्जेने त्या दिवसांत चमत्कार केला नाही. आभाळ भरलेलं, शंभर वॉटच्या पॅनेलमधून पहिल्या दिवशी वीस वॉटही मुश्किलीने. पंखा बंद केला, चारपैकी एकच दिवा ठेवला, तोही जिन्यात. बाकी सगळी वीज फोनसाठी. जिन्यात पाटी लावली, एका घराला एक फोन, अर्धा तास. मामींचा मुलगा अमेरिकेत. तिसऱ्या दिवशी नेटवर्क आलं तेव्हा त्याच्याशी त्या आमच्याच पायरीवर बसून बोलल्या. त्यानंतर गच्चीवरचा दक्षिणेचा कोपरा माझा, पूर्वेचा त्यांचा, असं आपोआप ठरलं. मेलेलं पॅनेल पूर्वेला आहे. त्याची काच अजून चांगली आहे, वडामचा कपडा त्यावर सपाट बसतो.

या जानेवारीत मी ॲडम्सची चूल करून पाहिली. सुताराकडून आठ फळ्या कापून घेतल्या, आतून साध्या आरशाच्या पट्ट्या चिकटवल्या. मधे आईचं तांब्याचं भांडं बाहेरून काळं करून ठेवलं, वर फिश टँकची काच. सात शिपाई नव्हते, आम्ही दोघंच. तुरीची डाळ रात्रभर भिजवलेली. दहा वाजता ठेवली, वीस-वीस मिनिटांनी फिरवली. एक आरसा निसटून फुटला, तो तिथल्या तिथे बदलला. पावणेबाराला डाळ बोटाने दाबली तर मऊ. फोडणी खाली गॅसवर दिली. भाकऱ्याही गॅसवरच.